हात दाखव, मग आत ये

आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकाचं काम बघणाऱ्या राणेकाकूंनी मला लिफ्टमध्येच गाठलं. "सायली, 'माझी नोकरी' सदराला या वर्षी कुणी मिळत नाही गं. गेल्या वर्षी बँकवाले काका झाले, त्याआधी टेलिफोनवाले झाले."

"काकू, ते रिटायर झालेल्यांचं सदर आहे ना? मी अजून तिशीची पण नाही."

"मग काय झालं? तुझी ती कंपनी झाली ना बंद?"

हे भारी होतं. म्हणजे मी रिटायर नाही झाले, मी जिथे काम करायचे ती भट्टी झाली! पण लिफ्टमधून उतरेपर्यंत डोक्यात सगळं सुरू झालं आणि आता थांबत नाहीये. मालाडहून दिंडोशीला येताना बसमध्ये फोनवर टाइप करतेय, दोन्ही अंगठ्यांनी, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

तर. अंधेरी पूर्वेला मरोळच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, आमची छोटीशी कंपनी होती. आम्ही डायोड बनवायचो. डायोड म्हणजे विजेचा एकेरी रस्ता. एका बाजूने करंट सोडतो, उलट्या बाजूने आला की गेट बंद. तुमच्या चार्जरमध्ये आहे, टीव्हीत आहे. आमचे मोठे असायचे, वेल्डिंग मशीनमध्ये बसणारे, बाटलीच्या बुचाएवढे. मी बीएस्सी फिजिक्स करून तिथे टेस्टिंगला लागले आणि पहिल्याच दिवशी मला दारात अडवलं.

अडवलं हेमाताईने. आतल्या खोलीच्या, म्हणजे जिथे भट्ट्या होत्या त्या खोलीच्या दारात तिचं स्टूल होतं. चांगली उंच, रुंद बाई, दारात उभी राहिली की दार संपलं. वेसाव्याची कोळीण. मला म्हणाली, "हात दाखव."

मी दाखवले.

"उलटे कर." केले. "ही मेंदी कवाची?"

"मावसबहिणीचं लग्न होतं."

"मग मेंदी उतरली का ये. आणि तोंडाला काय चोपडलायस?"

"पावडर. थोडीशी."

"थोडीशी," ती मागे बघून ओरडली, "मिलिंदा, ऐकतोस काय रे, थोडीशी म्हनते!" मग माझ्याकडे वळून, "गो पोरी, हितं थोडीशीचाच तर सगला धंदा हाय."

आणि यार, खरंच सगळा धंदा थोडीशीचाच होता! तोच सांगते आधी, म्हणजे पुढची वाट कशी लागली ते कळेल. माझ्या आईला मी जसं सांगितलं होतं तसंच सांगते, तिला कळलं म्हणजे सगळ्यांना कळतं.

सिलिकॉन. वाळूतून काढतात, पण आमच्याकडे यायचा तो आरशासारख्या गोल चकत्यांच्या रूपात, पापडाएवढ्या आणि पापडापेक्षा नाजूक. शुद्ध सिलिकॉनमध्ये प्रत्येक अणूला चार हात. चारही हातांनी चार शेजारी घट्ट धरलेले. सगळे हात गुंतलेले, मग वीज वाहून नेणार कोण? कोणीच नाही. उकाड्याने एखादा हात सुटतो, तेवढाच एखादा इलेक्ट्रॉन मोकळा होऊन पळतो. म्हणून तो तांब्यासारखा वीज वाहू देत नाही आणि काचेसारखा पूर्ण अडवतही नाही. अर्धवट. म्हणून सेमीकंडक्टर.

आता त्यात लाखात एखादा, कधी कोटीत एखादा, फॉस्फरसचा अणू घुसवायचा. त्याला पाच हात. चार शेजाऱ्यांत गुंतले, पाचवा रिकामा, त्याचा इलेक्ट्रॉन मोकळा फिरायला लागतो. झाली वीज सुरू. हा झाला एन प्रकार. किंवा मग बोरॉन घुसवायचा. त्याला तीनच हात. म्हणजे एका शेजाऱ्याचा हात लोंबकळत राहतो, एक जागा रिकामी पडते. हा पी प्रकार.

इथे आई म्हणाली, "रिकामी जागा खय वीज वाहता?"

वाहते ना! पंगत आठव, म्हटलं. मधलं एक पान रिकामं राहिलं. वाढपी ओरडतो, सरका सरका. शेजारचा सरकून त्या पानावर येतो. आता त्याचं पान रिकामं. त्याच्या शेजारचा सरकतो. माणसं एकेक पान डावीकडे सरकली, पण लांबून बघणाऱ्याला काय दिसतं? रिकामं पान उजवीकडे चाललंय. कोणी उठून चाललेलं नाही, फक्त नसलेला माणूस चालत चाललाय. त्याला होल म्हणतात. आणि एन आणि पी एकमेकांना चिकटवले की मधल्या सीमेवर तो एकेरी रस्ता तयार होतो. डायोड.

आईने मान हलवली. मग म्हणाली, "म्हणजे शुद्ध आसून उपेग नाय. वायच बिघडवक व्हया."

एकदम बरोबर! पण वायच, म्हणजे थोडंसंच, आणि नेमकं. आमचे मालक नेनेसर म्हणायचे, दूध कितीही शुद्ध असू दे, आपणहून दही लागत नाही, चमचाभर विरजण लागतं. पण चमचा विरजणाऐवजी लिंबाचा पडला तर? फाटलं. आमचं लिंबू म्हणजे मीठ. सोडियम, पोटॅशियम. बोरॉन निदान पंगतीत पान धरून बसतो. हे लोक बसतच नाहीत. भट्टीच्या उष्णतेत सगळीकडे मोकाट फिरतात, आणि डायोड उलट्या दिशेने गळायला लागतो. गेट बंद, पण खालून पाणी चाललंय. आणि मीठ कुठे असतं? घामात. पावडरीत. कुंकवात. बोटांच्या ठशात. म्हणून आत जाताना कोपरापर्यंत हात धुवायचे, पावडर नाही, गजरा नाही, नेलपॉलिश नाही, टिकलीसुद्धा नाही. दाराशी एक आरसा होता, आम्ही बायका आपापली टिकली काढून त्यावर चिकटवायचो आणि बाहेर येताना परत लावायचो. हेमाताईची मोठी मरून टिकली सगळ्यात वर.

हे सगळं झालं की हेमाताई पुन्हा एकदा हात बघायची, सुलटे, उलटे, आणि काही न बोलता दारातून बाजूला सरायची. बस. तेवढंच. पण सकाळी ती बाजूला सरली ना की मला वाटायचं, आज आपण कोणीतरी आहोत.

आत तीन भट्ट्या. प्रत्येकीत आडवी क्वार्ट्झची लांब नळी, क्वार्ट्झ म्हणजे अगदी शुद्ध काच समजा. हजाराच्या वर डिग्री, नळीचं तोंड केशरी. चकत्या क्वार्ट्झच्याच एका छोट्या खाचेदार घडवंचीवर उभ्या लावायच्या, आणि ती घडवंची लांब दांड्याने सावकाश आत ढकलायची. हेमाताई तिला होडी म्हणायची. घाई केली तर चकत्या तडकतात, फार रेंगाळलं तर बोरॉन कमी-जास्त शिरतो. हेमाताई ढकलायला लागली की सगळी खोली आपोआप गप्प व्हायची. ती घशातल्या घशात काहीतरी गुणगुणायची, मला कधीच नीट ऐकू आलं नाही, आणि होडी केशरी तोंडात जात राहायची, जात राहायची. मी टेस्टिंगच्या टेबलावरून बघायचे. आज मालाडच्या ऑफिसात मी दिवसभर स्क्रीनवर लोकांच्या गच्चीवरच्या सोलर पॅनेलचे आलेख बघते, ते पॅनेलही सिलिकॉनचंच, पण मी एकालाही हात लावलेला नाही. तिथे कोणी हात बघत नाही. परफ्यूम मारून या, काय वाटेल ते लावून या. माझी मैत्रीण म्हणते, सुख आहे की. असेल.

असो! दसऱ्यावर येते, कारण सगळं तिथेच झालं.

आपल्याकडे दसऱ्याला यंत्राची पूजा नाही असं होतं का? रिक्षाची होते, शिलाई मशीनची होते. मग भट्टीची कशी करायची? कुंकू आत न्यायचं नाही, हळद नाही, नारळाचं पाणी तर मुळीच नाही, त्यात पोटॅशियम ठासून भरलेलं. नेनेसरांनी पूर्वीच तोडगा काढला होता. भट्टीचा फोटो! काचेची फ्रेम केलेला, बाहेरच्या पॅसेजमध्ये टांगलेला. दसऱ्याला झेंडूची माळ फोटोला, कुंकू फोटोला, नारळ फोटोपुढे. मी पहिल्या वर्षी हसून हसून मेले होते. हेमाताईने दटावलं, "हसतंस काय, देवाचा पण फोटोच असतो ना घरात?"

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास दोन नंबरच्या भट्टीची नळी बदलायची होती. जुनी नळी थकली होती. नवी नळी परदेशातून खोक्यात आली, आणि नेनेसर तिच्याभोवती नवीन गाडी घेतल्यासारखे घुटमळत होते. त्यांनी आम्हाला सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं, की वेल्डिंग मशीनवाले आपले सगळ्यात मोठे गिऱ्हाईक, त्यांना बाहेरचा माल स्वस्त मिळतोय, या वेळचा लॉट झकास गेला तर टिकतील, नाहीतर बाय-बाय. सर तसे हळू बोलणारे, सत्तरीच्या घरातले. त्या दिवशी त्यांचा आवाज जरा उंच लागला होता.

दसरा झाला, फोटोला माळ पडली, पेढे झाले. नवी नळी बसली. हेमाताईने पहिली होडी ढकलली. डायोड तयार होऊन माझ्या टेबलावर आले, मी उलटा व्होल्टेज लावला आणि काटा हलला. हलायला नको होता. दुसरा डायोड, हलला. तिसरा, अजून जास्त.

मी म्हटलं मीटर बिघडला. मीटर ठीक होता. पुढचा लॉट घेतला, तोही गळका.

मिलिंद सर म्हणजे प्रॉडक्शनचे इनचार्ज, माझ्याहून थोडेच मोठे, अगदी वाईट माणूस नाही, पण ब्लड प्रेशर वाढलं की सगळ्यांची चौकशी लावायचे. त्यांनी सरळ विचारलं, "काय बदललंय? नळी नवीन आहे, तिचा शुद्धतेचा दाखला आहे. गॅस तोच. चकत्या त्याच. मग माणसांत काय बदललं?"

मग ते हेमाताईकडे वळले. "ताई, घरी बोंबील सुकवायला लागले असतील ना? पाऊस संपला."

"लागले. मग?"

"नाही, म्हणजे... केसांत, कपड्यांत मीठ येतं ना."

हेमाताई हसली आधी. खरंच हसली. "बोंबलाला मीठ नाय लावत रे मिलिंदा. नुसता वारा लागतो त्याला. तुजी आई कधी बाजारात गेली नाय काय?"

"वारा पण खाराच असतो, ताई."

मग ती हसायची थांबली. म्हणाली, "दरसाल सुकवतात. दरसाल मीच होडी लोटते. तवा नाय गलले?"

पण लॉट गळत होता आणि गिऱ्हाइकाचे फोन येत होते. नेनेसर केबिनच्या दारात उभे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "हेमा, थोडे दिवस पॅकिंगला बस. बघू."

पॅकिंग बाहेर. पॅसेजमध्ये. त्या फोटोखाली.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगते, जी आम्हाला तेव्हा निम्मीच माहीत होती. हेमाताई वेसाव्यातल्या मोठ्या घरात राहायची, भाऊ, भावजय, सगळा मासळीचा धंदा. आणि ही बाई कामाच्या दिवशी मासळीला हात लावायची नाही. पहाटे डोक्यावरून आंघोळ, कपडे वेगळ्या पिशवीत, कंपनीत आल्यावर बदलायची. भावजय टोमणे मारायची म्हणे, आली आमची भटीण. कोळणीने कोळीणपण घराच्या खुंटीला टांगून यायचं, आणि इथे येऊन ऐकायचं काय, तर तुझ्या केसांत मीठ आहे.

पॅकिंगला ती आली काही दिवस. डायोड खोक्यात भरायची, मान वर करायची नाही, आरशावरची टिकली परत लावली नव्हती. मी जेवायला तिच्याशेजारी जाऊन बसले तर म्हणाली, "तू आतली. माज्याजवल बसू नको, मीठ लागंल तुना."

"ताई, काय पण काय बोलतेस!"

"बरोबर बोलते. हात धुवून जा आत."

मग एके सकाळी ती आलीच नाही. दुसऱ्या दिवशी पण नाही. दारातल्या स्टुलावर कोणी नव्हतं, आणि आरशावर सगळ्यात वरती तिची टिकली तशीच. मला फक्त एवढंच पाहिजे होतं, की ती परत यावी आणि मला म्हणावं, हात दाखव. लॉट गेला खड्ड्यात. हे मी तेव्हा बोलले नाही कुणाला, बोलण्यासारखं नव्हतं.

इतके दिवस दोन नंबर रिकामीच तापत होती, शेवटी मिलिंद सरांनी स्वतः होडी ढकलली. नवा लॉट माझ्या टेबलावर आला. मी व्होल्टेज लावला. काटा हलला.

आयुष्यात पहिल्यांदा मला गळका डायोड बघून आनंद झाला! मी ट्रे उचलून तशीच त्यांच्यासमोर गेले. "सर, ताई तर नव्हती या वेळी."

त्यांनी ट्रे हातात घेतला. मग त्यांनी मान खाली घातली, आणि दोन नंबरची भट्टी थंड करायला लावली.

क्वार्ट्झची एक खोड आहे, ती बाहेरच्यांना माहीत नसते. उघड्या हाताने त्याला शिवलं, तर थंड असताना काहीच दिसत नाही. पण तापलं की जिथे हात लागला तिथे तो पांढरा पडतो, दुधासारखा, कायमचा. मिठाने काचेचा पोत बदलतो. घासा, ॲसिडमध्ये बुडवा, जात नाही. म्हणून नळीला आम्ही कधीच उघडा हात लावायचो नाही, नवीन पोरीला सगळ्यात आधी हेच शिकवायचे.

नळी निवली. हातमोजे घालून बाहेर काढली, टेबलावर कापडावर ठेवली. सगळे भोवती. आणि तोंडाशी, आतल्या कडेला, पांढरा डाग.

डाग पण कसा? धरताना लागलेल्या हाताचा नव्हता. एकच बोट. खाली जाड, वर निमुळतं होत गेलेलं. उभं. सरळ. आपण देवाला लावतो तसं. कोणीतरी नळीला गंध लावलं होतं.

सगळ्यांना एकदम कळलं, की हा निष्काळजीपणा नाही. निष्काळजी माणूस असं बोट ओढत नाही.

"माझं आहे," नेनेसर म्हणाले.

मला आधी वाटलं ते नळीबद्दल बोलतायत, म्हणजे नळी माझी आहे, नुकसान माझं. मग त्यांनी उजव्या हाताचं बोट वर केलं.

"दसऱ्याला सगळे पेढे खात होते. नळी खोक्यात होती, माझ्या केबिनमध्ये. नारळाच्या पाण्यात कुंकू भिजवलेलं होतं, बोटाला होतं. वर्षानुवर्षं फोटोला लावलं. या वेळी वाटलं, खरीला लावावं. एकदाच." मग म्हणाले, "लगेच स्पिरिटने पुसलं होतं मी. लाल काहीच उरलं नव्हतं."

लाल नव्हतं उरलं. मीठ उरलं होतं. हे त्यांनीच तर आम्हाला शिकवलेलं, की जे दिसतं ते नाही, जे दिसत नाही ते बिघडवतं. आम्हाला पावडरीवरून बोलणारा माणूस! पण खरं सांगू, मला राग आला नाही तेव्हा. इतकं घाबरलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं. ज्याला पोटॅशियम कळतं त्याने नारळाच्या पाण्याचं बोट लावलं, म्हणजे आतून काय अवस्था झाली असेल.

राग आला तो हेमाताईसाठी. मी म्हटलं, "सर, चला वेसाव्याला."

आम्ही रिक्षा केली. उतरल्यावर गल्ल्यांतून किनाऱ्याकडे गेलो. बांबूंच्या उंच वलांडींवर बोंबील जोड्या-जोड्यांनी उलटे लटकत होते, वारा सुटला होता, आणि हेमाताई बाया-बायांत उभी राहून भराभर बोंबील टांगत होती. कपाळावर मरून टिकली, आरशावरच्या टिकलीची बहीण. हातभर चुडा. मी तिला चुड्यात कधीच पाहिलं नव्हतं.

"या साहेब," ती म्हणाली. हात थांबले नाहीत.

सरांनी सगळं सांगितलं. उभ्याने, वाऱ्यात, बाकीच्या बाया ऐकत असताना. काही लपवलं नाही. बोट पण दाखवलं. शेवटी म्हणाले, "माझं चुकलं, हेमा. भट्टीवर चल."

"नली गेली?"

"गेली."

"चांगली होती." तिला खरंच वाईट वाटलं, चेहऱ्यावर दिसलं. "दुसरी आनली?"

"आणतोय. पण ढकलणार कोण?"

तिने हातातली जोडी टांगली, हात पदराला पुसले. "साहेब, तुमी कुंकू लावला तो मायेनं लावला. नलीची माया होती तुमाला. मना काडली ती कशानं काडली?"

सरांनी चष्मा काढला, आणि तो हातातच राहिला.

मी मध्ये तोंड घातलं, मला राहवत नाही. "ताई, चल ना गं. तुझं स्टूल तसंच आहे. टिकली पण आरशावर आहे."

"असू दे ती थितं." मग माझ्याकडे नीट बघत म्हणाली, "इतकी वर्सं मी या वासाला घाबरून जगले गो. घरात पोरं जेवायची, मी बाजूला. आता लागला ना मीठ, लागू दे. तू लोट होडी. तू बघितलायस माजा हात."

भावजय आतून ओरडली, "हेमे, चा टाकू काय पावन्यांना?" आणि हेमाताई म्हणाली, "टाक, साखर कमी, साहेबांना साखर हाय." म्हणजे डायबेटिस. तिला तेही लक्षात होतं. चहा पिऊन आम्ही परत आलो.

नवी नळी आली. होडी मी ढकलली. गुणगुणायला काही येत नव्हतं म्हणून मनात फक्त 'सावकाश, सावकाश' म्हणत राहिले. काटा हलला नाही. एकही डायोड गळला नाही. गिऱ्हाईक टिकलं, पेढे आणले, मिलिंद सरांनी पहिला पेढा बाजूला काढून कागदात गुंडाळला आणि संध्याकाळी कुठेतरी घेऊन गेले. कुठे ते आम्ही तेव्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, "बोंबील दिले त्यांनी. पिशवीभर. आई म्हणाली, याला मीठ लावायचं असतं का रे?"

मग मी टेस्टिंगवरून भट्टीवर आले, पॅकिंगची पोरगी टेस्टिंगला आली, सगळे एकेक पान सरकले. दारातल्या स्टुलावर मात्र कोणी बसलं नाही. आपले हात आपणच बघायचे, उलटे, सुलटे, आणि आत जायचं. ते काही बरोबर वाटायचं नाही. आपण आपल्याला कसं सोडायचं आत? रोज सकाळी त्या दारात मी क्षणभर थांबायचेच, कोणीतरी बाजूला सरण्याची वाट बघितल्यासारखी.

पुढे जे सगळीकडे होतं तेच. बाहेरचा माल अजून स्वस्त झाला, सर अजून थकले, आणि एक दिवस भट्ट्या विझवल्या. भट्टी विझवणं म्हणजे स्विच बंद करणं नसतं, हळूहळू उतरवावी लागते, नाहीतर नळ्या तडकतात. ते मीच केलं. केशरी, मग लाल, मग काळपट, मग नुसती नळी. सरांनी तो फोटो घरी नेला. आता तिथे केक बनवणाऱ्यांचं काहीतरी आहे, मागे मरोळला गेले होते तेव्हा जिन्यात व्हॅनिलाचा वास आला. हसूच आलं. पावडरच पावडर आत!

या वर्षी दसऱ्याला ऑफिसला सुट्टी होती. आमच्याकडे पूजेला ठेवायला काय होतं? लॅपटॉप. आईने त्याला हळद-कुंकू वाहिलं, नेमकं स्पेसबारवर. मी म्हटलं, थोडंसं लाव गं. आणि तो शब्द तोंडातून निघाल्यावर मला बसवेना. चप्पल घातली आणि वेसाव्याला गेले.

हेमाताईच्या दारात माळ होती. ती दारातच बसली होती, कोळंबी सोलत. जरा जाड झालीय, केस पिकलेत. मला बघून उठली आणि दार संपलं.

"आली काय गो? मना वाटला इसरली."

"विसरते होय."

मी पुढे झाले, आत जायला. ती हलली नाही.

"हात दाखव."

मी हसायला लागले. तिचा चेहरा मात्र तसाच, मरोळच्या सकाळचा. मी हात पुढे केले. नखांना ऑफिसचं ते फिकट गुलाबी नेलपॉलिश. मनगटाला सेंट. तिने वाकून वास घेतला.

"उलटे कर." केले. "असल्या हातानं?" ती म्हणाली. "असल्या हातानं आत नाय घ्यायची मी तुना."

कोळंबीने भरलेले तिचे हात, खारे, ओले, कोपरापर्यंत चमकणारे. आणि ती मला सांगत होती!

दाराशेजारी मोरीचा नळ होता, तिथे गेले, बाही वर केली आणि हात धुतले. बोटांच्या मधून, नखांच्या मागून, मनगट, वर कोपरापर्यंत, तिने शिकवलं होतं तसंच. पाणी निथळू दिलं. पुसलं नाही, पुसायचं नसतं. परत येऊन हात पुढे धरले. सुलटे. उलटे.

तिने बघितलं. नेलपॉलिश काही गेलं नव्हतं, ते तिलाही दिसत होतं.

मग ती काही न बोलता दारातून बाजूला सरली.